उद्या दिसी

चोपड्यात नखं कशानं तडकतात, मला विचारा.
स्कूटीच्या स्टँडनं. गॅसच्या बटणानं.
भरताचं वांगं गरम गरम सोलताना.
एकीचं तर बँकेत, ठेवीच्या पावतीची
टाचणी उपसताना गेलं, आणि ती रडली,
पावतीसाठी नाही.

शेजारी हनीफभाईंचं पंक्चरचं दुकान.
तेही आधी घासतात, मग पुसतात, मग सोल्युशन लावतात,
ठिगळ ठेवून अंगठ्यानं दाबतात.
पण त्यांच्याकडे पाण्याचं घमेलं आहे,
ट्यूब बुडवली की बुडबुडा खरं सांगतो.
माझ्याकडे बाईच परत येते, दोन दिवसांनी, तोंड पाडून.

मी शिकले सुरतेला, उधन्यात.
मॅडम म्हणायच्या, आधी तडा वाच.
आडवा गेला तर धक्का,
उभा गेला तर दाब.
कोपऱ्यातून तिरपा गेला तर बाई काहीतरी लपवतेय –
हे मॅडमचं नाही, माझं आहे.

बुधवारी दुपारी, लाइट नुकतीच आलेली,
सुपडाबाई कोळी खुर्चीच्या काठावर बसली.
डावी अनामिका पुढे केली.
"दारमा सापडनं."
तडा तिरपा होता.
मी काही बोलले नाही, दिवा जवळ ओढला.

भाचीच्या साखरपुड्याला मीच लावून दिली होती,
दहाच्या दहा, डाळिंबी.
आता नऊ तिनं घरीच, उंबऱ्याच्या दगडावर, घासून बोथट केलेली.
कडांना केळीच्या चिकाचे डाग,
माझ्या कुठल्याच बाटलीनं न निघणारे.

मग हळूहळू निघालं.
पॅकिंग हाउसवर सांगितलंय, नखवाल्या बाया नकोत.
फणी तुरटीच्या पाण्यातून उचलताना
सालीला नख लागतं, तेव्हा काही दिसत नाही.
खोका समुद्रापार उघडतात, तेव्हा दिसतं.
सुपरवायझर आला तसा तिनं हात क्रेटखाली सरकवला,
आणि वरून दुसरं क्रेट बसलं.

"मग काढूनच टाकू सगळी?"
"नको व माय. जोड."

तडा फाइलनं थोडा उघडला. भुकटी झटकली.
रेशमी जाळीचा तुकडा कापला, तांदळाच्या कणीएवढा,
चिमट्यानं ठेवला, दोन थेंब,
मग निळ्या दिव्याखाली साठ सेकंद.
तो हात दिव्यात असताना
दुसऱ्या हातानं ती पिशवी चाचपत होती.
एक केळं काढलं. हिरवंगार, टणक.

घासून गुळगुळीत झाल्यावर
तिनं एकेक बोट सालीवरून ओढलं,
वर डावा हात, खाली उजवा,
फणी उचलताना लागतं तेवढ्याच जोरानं.
आम्ही दोघी वाकून बघत राहिलो.
काही नाही.

"आते नही दिसत," ती म्हणाली. "उद्या दिसी.
तू देखजो. फोन करजो."
शंभर झाले होते. सत्तर दिले,
केळं आरशापाशी ठेवून गेली.

रात्री शटर ओढण्याआधी, का कोण जाणे,
तिच्या रेघांच्या, म्हणजे नसलेल्या रेघांच्या शेजारी
मीही माझं एक नख ओढलं.

सकाळी अगरबत्तीच्या आधी केळं बघितलं.
नऊ जागी साल कोरी.
डाव्या अंगठ्याच्या जागी केसाएवढी तपकिरी रेघ.
आणि बाजूला माझी,
चांगली ठळक, काळी. मी तर नखं लावतही नाही.

फोन उचलला तेव्हा मागे पाणी धो धो.
"डावा अंगठा," मी म्हणाले.
थोडा वेळ नुसतं पाणीच.
"आनि जोडेल?"
"जोडेल काहीच नाही."
ती हसली, की कुणी क्रेट आपटलं, कळलं नाही.

अंगठ्यासाठी संध्याकाळी येते म्हणाली,
तीस रुपये घेऊन.
बाहेर हनीफभाई घमेल्यात पाणी भरत होते.
गिऱ्हाईक यायला वेळ होता.
मी बारीक फाइल घेतली
आणि माझ्याच हातापासून सुरुवात केली.